पुष्पाबाईचा गळा

सुरतेच्या उधन्यातल्या खानदेशी गल्ल्यांमध्ये एकेकाळी लेकरू जेवत नसलं की आया दगा महाजनचं नाव घ्यायच्या. "जेव, नहीतर दगाना पिच्चर लावसू," म्हटलं की घास आपोआप आत जायचा. माणूस तसा कुणी भ्यावं असा नव्हताच. उंची पाच फूट दोन इंच, हातापायाच्या काड्या, आणि यंत्रमागाच्या खडखडाटात वीस वर्षं काढल्यामुळे बोलणं नेहमी एक पट्टी वरचं. पण या गृहस्थानं आठ-नऊ वर्षांत अकरा भुताचे सिनेमे काढले, तेही अहिराणीतून, आणि त्यातला पहिला असा चालला की सुरतेपासून धुळ्यापर्यंत ज्या घरात सीडी प्लेयर होता त्या घरात तो जाऊन बसला.

आज दगा बासष्ट वर्षांचा आहे. यंत्रमाग सुटले, सिनेमे तर केव्हाच सुटले. सीड्या गेल्या, मोबाइल आले, आणि लोकांना घाबरवायला बातम्याच पुरेशा झाल्या. दगा आता पांडेसऱ्यात एका इमारतीच्या फाटकाशी दिवसपाळीला खुर्ची टाकून बसतो. हा म्हातारा दिग्दर्शक होता, हे त्या इमारतीत कुणालाच ठाऊक नाही. त्यानंही कधी सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं तर पहिल्या सिनेमापासून सुरुवात करावी लागली असती, आणि पहिल्या सिनेमाची आठवण त्याला काढायची नव्हती.

कारण त्या सिनेमात जी चुडेल गात होती, तिचा गळा दगाच्या बायकोचा होता. त्यानंतर बावीस वर्षं पुष्पाबाई गायली नव्हती.

आता पुष्पाबाईचा गळा काय होता, हे ज्यांनी ऐकला त्यांनाच विचारावं. श्रावणात खानदेशची देवी कानबाई बसायची ती भिकन महाजनच्या घरी. भिकन दगाचा थोरला चुलतभाऊ, सगळ्या भाऊबंदांत मोठा, म्हणून देवीचा मान त्याच्याकडे. घरातल्या पुरुषांच्या डोक्यामागे सव्वा मूठ गहू मोजायचा, त्याचे नैवेद्याचे रोट करायचे, नारळाला नथ-डोळे लावून कानबाई सजवायची, आणि मग तिला घरात बोलवायचं गाणं म्हणायचं. ते बोलावणं पुष्पाबाईचं. गाणं तिच्या आईनं रचलेलं, माहेराहून आलेलं, दुसऱ्या कुणाला न येणारं.

"उघडं शे दार, माय, पाय मझार ठेव, तुनी वाट दखी दखी थकी गयात देव."

ती हे म्हणायला लागली की पोळपाटावरची लाटणी थांबायची. भिकनची बायको चंपाबाई, जिनं आयुष्यात कुणाचं कौतुक केलं नाही, तीसुद्धा डोळ्याला पदर लावायची. म्हणायची, पुष्पानं हाक मारल्याशिवाय माय उंबरठा ओलांडत नाही.

दगाही ऐकायचा. पण त्याच्या डोक्यात तेव्हा दुसरंच काहीतरी शिरलं होतं.

झालं होतं असं. दगाचा जिवलग दोस्त चिंधा लग्नाचं शूटिंग करायचा. दोघांनी एकदा रविवारच्या जुन्या बाजारातून एक व्हिडिओ कॅसेट उचलून आणली. वेष्टनावर दारात उभ्या असलेल्या बाईचं चित्र, खाली लाल अक्षरं, भाषा कुठली कोण जाणे. दोघांच्या मनात काय होतं ते सांगायला नको. चिंधानं स्टुडिओचं दार लावलं, पडदा ओढला, कॅसेट घातली, आणि अर्ध्या तासात दोघंही एकमेकांना चिकटून बसले होते. तो भुताचा सिनेमा निघाला. डोंगरातलं गाव. एक बाई सावकाश अंगाई म्हणत रस्त्यानं येते. जो कुणी ऐकतो तो उठून आपल्या हातानं दार उघडतो. बाई कधी पूर्ण दिसतच नाही. दिसतं ते फक्त दार.

दगानं तो सिनेमा एकोणीस वेळा पाहिला. एक अक्षर न कळता पाहिला. भूत दाखवायचं नसतं, भुताची वाट पाहायला लावायचं असतं, हे तो त्या कॅसेटीतून शिकला. कॅमेरा कुठे ठेवायचा, माणसाचा चेहरा किती वेळ धरायचा, कुत्री केव्हा भुंकवायची, सगळं शिकला. ज्यानं हे शिकवलं त्याचं नाव-गाव माहीत नाही. एकलव्याला निदान द्रोणाचार्यांचं नाव तरी ठाऊक होतं.

मग दगाला स्वतःचा सिनेमा काढायचं वेड लागलं. नाव ठरलं, 'दारवर कोन?' गोष्ट ठरली, खानदेशातलं गाव ठरलं, चिंधाचा कॅमेरा होताच. अडलं ते गाण्याशी. दोन-तीन बायकांकडून अंगाई म्हणवून घेतली, पण ऐकताना झोप यायची, भीती वाटायची नाही. आणि एक दिवस मागावर उभं असताना दगाला सुचलं. दार उघडं आहे, पाय आत ठेव. हेच जर चुडेलीनं म्हटलं तर?

सुचलं तेव्हा त्याला अंगभर शहारा आला. चांगला दिग्दर्शक होता तो, त्यात वाद नाही.

त्यानं पुष्पाला विचारलं नाही. ती नाहीच म्हणेल याची त्याला खात्री होती. देवीचं बोलावणं भुताच्या तोंडी घालू देईल अशी बाई ती नव्हती. मग त्यानं त्या श्रावणात चिंधाला कानबाईचं शूटिंग करायला भिकनच्या घरी बोलावलं. घरात आठवण राहील, असं सगळ्यांना सांगितलं. बायका नटून बसल्या. चिंधानं माइक अलगद पुष्पाबाईच्या पुढ्यात सरकवला. पुष्पाबाई त्या दिवशी कधी नव्हे इतकं मन लावून गायली. पुढे चिंधाच्या कॉम्प्युटरवर तो आवाज निम्म्या गतीवर आणला गेला, खाली कुत्र्यांचं रडणं घातलं गेलं, आणि पुष्पाबाईची चुडेल झाली.

सिनेमा पहिल्यांदा दाखवला तो गल्लीतच. भिकनच्या ओट्यावर टीव्ही ठेवला होता, संध्याकाळची वेळ, सगळी भाऊबंदकी जमलेली. पुष्पाबाई पुढेच बसली होती, मांडीवर सुपात तांदूळ निवडत. नवऱ्याचा सिनेमा म्हणून मान ताठ. गाणं सुरू झालं. पहिली ओळ संपायच्या आत तिचे हात थांबले. तिनं वळून दगाकडे पाहिलं नाही. सूप खाली ठेवलं नाही. सिनेमा संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली. पोरं किंचाळत होती, पुरुष टाळ्या पिटत होते, आणि दगाला त्या टाळ्यांचा नाद असा चढला होता की बायकोकडे बघायला त्याला सवड झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर चंपाबाईनं पुष्पाबाईला अडवलं. भोवती दहा-बारा बायका. दगा रात्रपाळी करून परतत होता, हातात डबा.

"आपली मायनं गानं तू चुडेलले दिधं?" चंपाबाईनं विचारलं.

पुष्पाबाईनं एकदा दगाकडे पाहिलं. एवढंच सांगायचं होतं, की मी दिलं नाही, मला माहीतही नव्हतं. पण तसं म्हटलं असतं तर देवीच्या घरातून चोरी करणारा नवराच ठरला असता. भिकननं त्याला पुन्हा उंबऱ्याला उभं केलं नसतं.

"हां, दिधं," पुष्पाबाई म्हणाली.

"ज्या तोंडम्हाईन चुडेल बोलनी, त्या तोंडवर माय कशी येई?" चंपाबाई म्हणाली. आणि विषय संपला.

दगा डबा धरून उभा होता. चार पावलांवर होता. एक शब्द बोलला असता तरी पुरलं असतं. तो बोलला नाही. घरी गेल्यावर त्यानं काहीतरी पुटपुटायला तोंड उघडलं, तर पुष्पाबाई म्हणाली, "हात धुई ल्या, वाढस." त्यानंतर दोघांमध्ये ही गोष्ट पुन्हा कधी निघाली नाही.

तेव्हापासून कानबाईला पुष्पाबाईच्या वाट्याला फक्त रोट आले. बोलावण्याची वेळ झाली की ती गॅसपाशी जाऊन बसायची, खोलीकडे पाठ करून. आणखी एक वाईट असं की गल्लीतली पोरं तिला पाहून पळायला लागली. घरात काम करताना ती आधी गुणगुणायची, तेही बंद झालं. दगानं पुढे दहा सिनेमे काढले. दुसऱ्या बायकांकडून गाऊन घेतलं, महागाची यंत्रं आणली, पण पहिल्यासारखं एकदाही जमलं नाही. लोक म्हणायचे, पहिल्या पिच्चरमधली चुडेल आणा. ती आणायची म्हणजे पुष्पाला गायला सांगायचं, आणि तेवढं तोंड त्याच्यापाशी राहिलेलं नव्हतं.

आपल्या मनाची समजूत घालायला त्याच्यापाशी एकच गोष्ट होती. त्या परक्या सिनेमावाल्यानंही असंच केलं असणार. कुठल्यातरी बाईची अंगाई अशीच चोरून उचलली असणार. मोठी माणसं करतात ते आपण केलं, एवढंच. या आधारावर माणसानं बावीस वर्षं काढली. कमाल आहे.

यंदा श्रावणाच्या आधी घरात साफसफाई निघाली. दगाची सून नूतन, मुलगा धर्मेंद्रची बायको, सुरतेतच जन्मलेली, बोलण्यात गुजराती मिसळणारी, चटपटीत. धर्मेंद्र पलसाण्याला डाइंग मिलमध्ये जातो, आणि नूतन घरबसल्या साड्यांच्या व्यापाऱ्यांना मोबाइलवर व्हिडिओ करून देते. फोटो जोडायचे, गाणं चढवायचं, गती कमीजास्त करायची, यात तिचा हात धरणारं कुणी नाही. तिला पेटीच्या तळाशी ती कॅसेट सापडली. तिनं वेष्टनाचा फोटो काढला, मोबाइलमध्ये शोधला, आणि फाटकावरून येऊन पाय धूत असलेल्या सासऱ्यापुढे येऊन उभी राहिली.

"बाबा, हाऊ तो स्पेनना शे! बधुं लखेलुं छे आमां. नाव, गाव, सगळं."

दगाचे पाय तसेच ओले राहिले. चाळीस वर्षांचा होता तेव्हापासून ज्याला मनातल्या मनात नमस्कार करत आला, त्याला नाव मिळालं. एलादिओ मोन्तेरो. दोन वर्षांपूर्वी वारला होता. वारण्याआधी त्याची एक लांबलचक मुलाखत कुणीतरी घेतलेली होती, खाली हिंदी अक्षरं उमटवायची सोय होती. सासरा आणि सून दोघं ओट्यावर बसले, मोबाइल डब्याला टेकवून ठेवला.

पडद्यावर खप्पड गालांचा, मफलर गुंडाळलेला म्हातारा आला. बाप देवळात घंटा वाजवायचा, म्हणाला. आपण सायकलवरून एका गावच्या थेटरातून दुसऱ्या गावच्या थेटरात सिनेमाची रिळं पोचवायचो, वाटेत झाडाखाली बसून रिळं उजेडात धरून बघायचो. पुढे चौदा सिनेमे काढले, सगळे भुताचे. सरकारची कात्री होती, निर्माते शब्द फिरवायचे, रक्तासाठी टोमॅटो उकळायला लागायचे.

"आम्हीन बी टमाटाच उकाळेत!" दगा ओरडला. नूतन हसली. दगाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इतक्या लांबचा माणूस, आणि चूल सारखीच.

नंतर कुणी काम देईना, म्हणून म्हातारा ट्रॅक्टरच्या जाहिराती काढत राहिला. अगदी शेवटी कुठल्याशा महोत्सवात बोलावून त्याच्या हातात एक फलक दिला. तेव्हा आपण टाळ्या ऐकण्याऐवजी खुर्ची शोधत होतो, म्हणाला. आणि मग मुलाखत घेणाऱ्या मुलीनं विचारलं, ती अंगाई कुणाची?

म्हातारा म्हणाला, "माझ्या बायकोची. ती चर्चमध्ये गायची. मी तिला विचारलं, ती नाही म्हणाली. तीन महिने रोज विचारलं, रोज नाही म्हणाली. मी दुसऱ्या बाया आणून पाहिल्या, जमेना. मी सिनेमा सोडून द्यायला निघालो. मग एक दिवस ती आपणहून आली. म्हणाली, गाईन, पण किती सावकाश ते मी ठरवणार. त्या दिवशी मी फक्त टेप चालू केला आणि बंद केला."

नूतन म्हणाली, "कितलं मस्त ना, बाबा!"

दगाच्या गुरूनं विचारलं होतं. तीन महिने विचारलं होतं, नाही ऐकून घेतलं होतं, सिनेमा बुडवायची तयारी ठेवली होती. ज्या आधारावर इतकी वर्षं काढली तो आधारच निखळला. आता सरळ दिसत होतं ते एवढंच, की आपण चोरी केली आणि शिक्षा बायकोनं भोगली. त्या संध्याकाळी त्याला जेवण गेलं नाही. पुष्पाबाईनं दोनदा विचारलं, "काय व्हयनं?" त्यानं मान हलवली. आपण चोर आहोत हे त्याला आधी माहीत नव्हतं असं नाही. पण आज पहिल्यांदा त्याला त्याची धडधडीत लाज वाटली.

मग त्यानं ठरवलं. यंदाच्या कानबाईला, सगळ्या भाऊबंदांपुढे, खरं काय ते सांगायचं. पुष्पाला तिचं गाणं परत मिळवून द्यायचं. चंपाबाई ऐंशीच्या घरात आली होती, तिनंच बंदी घातली होती, तिच्याच तोंडून ती उठवून घ्यायची. चंपाबाई गेली तर मग उठवणार कोण?

ठरवल्यावर दगा पुन्हा तरणा झाला. फाटकाशी खुर्चीत बसल्या बसल्या त्यानं सगळं डोळ्यांपुढे आणलं. वेळ कोणती? बोलावण्याच्या जरा आधीची, उतरत्या उन्हाची, भिकनच्या दारातून तिरीप थेट पाटापर्यंत येते तेव्हाची. चंपाबाई पाटाच्या उजवीकडे बसते, तिच्यासमोर उभं राहायचं. आवाज खाली ठेवायचा. आधी चुडेलीचं नाव काढायचं नाही, आधी नळाची सकाळ सांगायची. वाक्यं त्यानं इतक्यांदा घोळवली की इमारतीतली एक बाई थांबून विचारती झाली, "काका, तबियत तो ठीक है ना?"

आणि कानबाईचा रविवार उजाडला. भिकनच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. नव्या साड्या, पुरणाचा वास, पोरांची पळापळ. पुष्पाबाई नेहमीसारखी गॅसपाशी, पिठानं माखलेले हात, पाठ खोलीकडे. उन्हाची तिरीप पाटाला लागली तसा दगा उठला आणि चंपाबाईसमोर जाऊन उभा राहिला.

"वयनी, माले काहीतरी सांगनं शे. सगळासले सांगनं शे."

त्यानं नळाची सकाळ सांगितली. मग म्हणाला, "ते गानं पुष्पानी दिधं नव्हतं. मी चोरीसन लिधं. तिले माहीत बी नव्हतं. मनी अब्रू जावाले नको म्हनीसन ती खोटं बोलनी. तुम्हीन तिले बावीस वरीस गाऊ दिधं नही, ती सजा मनी व्हती. मी गपचूप उभा ऱ्हायनू." एवढं बोलून त्यानं देवीपुढे डोकं टेकलं.

मग चंपाबाईच रडायला लागली. उठवत नसताना उठली, भिंतीला धरत गॅसपाशी गेली आणि पुष्पाबाईचा पिठाचा हात धरून तिला पाटापुढे घेऊन आली. "व पोरी, आधी काब्र नही सांगं? गा वं माय. मी पाया पडस तुन्या. गा."

पंचवीस-तीस बायका पुष्पाबाईकडे बघत होत्या. ज्यांना ती गात होती हे ठाऊक होतं त्या, आणि ज्यांनी फक्त चुडेल ऐकली होती त्या. कुणीतरी मोबाइल काढून समोर धरला. पुष्पाबाईनं हात पदराला पुसले. कानबाईकडे पाहिलं. तोंड उघडलं.

"उघडं शे दार, माय, पाय मझार ठेव, तुनी वाट दखी दखी थकी गयात देव..."

आवाज बारीक झाला होता, कडेला फाटला होता, पण जागेवर होता. दगानं डोळे मिटले. आणि पुष्पाबाई थांबली.

"पुढलं याद नही येत," ती म्हणाली.

कुणीतरी म्हणालं, आठव, आठव. तिनं मान हलवली आणि गॅसपाशी जाऊन बसली. तव्यावर एक रोट करपायला आला होता, तो उलटला. बायकांनी दुसरं कुठलंतरी गाणं धरलं आणि कानबाई बसली.

पुरुषांनी मात्र दगाला डोक्यावर घेतलं. भिकननं पाठीवर हात ठेवला. सगळ्यांपुढे असं कबूल करायला छातीच लागते, म्हणाला. धर्मेंद्रसुद्धा बापाकडे जरा निराळ्या नजरेनं बघायला लागला. खोटं कशाला सांगा, दगाला बरं वाटलं. छातीवरचा दगड उतरला होता. फक्त एक सल राहिला. गाणं गेलं होतं. वापरात नसल्यानं, आपल्यामुळे, ते तिच्या आत मरून गेलं होतं. आता ते पुरतं उरलं होतं एकाच जागी, त्याच्या सिनेमात, चुडेलीच्या तोंडी.

त्यानं नूतनला बाजूला घेतलं. सिनेमा कुणीतरी मोबाइलवर चढवून ठेवलेला होताच. "हाई गानं परत पहिलासारखं व्हई का?"

"एमां शुं बाबा, दोन मिंटनं काम," नूतन म्हणाली. तिनं जिन्यात बसून गाण्याचा तुकडा कापला, गती दुप्पट केली, आणि मोबाइल सासऱ्याच्या कानाला लावला. खालची कुत्री पिल्लांसारखी क्यांव क्यांव करत होती. पण वरून छत्तीस वर्षांची पुष्पा गात होती, भरदार, मोकळी, तिच्या गाण्याचं काय होणार आहे याचा पत्ता नसलेली. दगा जिन्यातच बसला आणि पोरासारखा रडला. नूतननं तो तुकडा त्याच्या मोबाइलमध्ये घालून दिला.

सोमवारी सकाळी वाजतगाजत कानबाई तापीवर निघाली. गल्लोगल्लीच्या कानबाया, बायकांच्या डोक्यावर पाट, पुढे ढोल. विसर्जन झालं. बायका घाटाच्या पायऱ्यांवर पाय धूत, एकमेकींना कुंकू लावत होत्या. पुष्पाबाई रिकामा पाट घेऊन जरा कडेला उभी होती. दगा तिच्याजवळ गेला. रात्रभर त्यानं हाच क्षण मनात धरून ठेवला होता.

"धरमानी माय, दख, तुनं गानं सापडनं," तो म्हणाला आणि त्यानं मोबाइल सुरू केला.

पुष्पाबाईनं दोन ओळी ऐकल्या. चेहऱ्यावर काही हललं नाही. "बंद करा ते," ती म्हणाली.

त्यानं बंद केलं. "पुढलं याद नही ना तुले? याम्हा आखं शे."

"माले आखं याद शे. एक बी शबद इसरेल नही."

दगाला आधी कळलंच नाही. "मंग काल काब्र नही गायं?"

पुष्पाबाईनं पाट एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. ती रागावलेली दिसत नव्हती. खूप दिवस मनात असलेली गोष्ट सांगावी तशी ती बोलली.

"ती गोट मनी व्हती. तुम्हनी चोरी, पन खोटं मी बोलनी. कोनी सांगं नव्हतं, मनम्हा उनं म्हनीसन बोलनी. बावीस वरीस पोटम्हा ठेयी. चंपाबाई कितलंबी बोलनी, पोरं पळनीत, तरी मी उघडी करी नही. मन्हापाशी तेवढंच व्हतं, जे मी मन्हा मनथीन करं. काल तुम्हीन उठनात आनि सगळासपुढे मांडी दिधं. लोके तुम्हले शाबास म्हनेत. माले मझार वढीसन उभी करी, मोबाइल धरा, गा म्हने. तुम्हीन तवय बी माले इचारं नही. काल बी नही इचारं."

दगाच्या हातातला मोबाइल तसाच राहिला. उन्हाची तिरीप, चंपाबाईची जागा, खाली ठेवलेला आवाज, सगळं त्याला आठवलं. प्रत्येकाची जागा त्यानं ठरवली होती. पंधरा दिवस खुर्चीत बसून त्यानं सगळ्यांची वाक्यं मनात म्हणून पाहिली होती. पुष्पाशी बोलावं, तुला चालेल का असं म्हणावं, हे त्याच्या मनाला शिवलंसुद्धा नव्हतं. म्हाताऱ्यानं तिकडून एवढं सांगितलं, आणि यानं त्यातून नवा सीन काढला.

माफी मागावी तर ती कालच मागून झाली होती, भलत्याच माणसांपाशी. ढोलवाले परत फिरले होते. नूतन लांबून हाका मारत होती.

"पुष्पा," तो म्हणाला. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, आणि नावानं हाक मारायची त्याला सवय नव्हती. आवाज नेहमीसारखा वर गेला नाही. "कधी आपला घरम्हा, कोनी नसताना... गाशी का?"

पुष्पाबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. तो प्रश्न खरोखरच विचारतोय, हे तिला पटलं असावं, कारण उत्तर द्यायला तिनं वेळ घेतला.

"नही," ती म्हणाली, आणि रिकामा पाट कडेवर घेऊन पायऱ्या चढायला लागली.